हिवतापाची वाट अडविणारी प्रतिपिंडे

हिवताप हा रोग आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. आधी हुडहुडी भरणे, मग अंग तापाने फणफणणे आणि शेवटी दरदरून घाम सुटून गार पडणे, हा एक दिवसाआड येणारा क्रम आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने फार जवळून पाहिला. कोयनेलच्या कडू चवीची आठवण सांगणारी वडीलधारी मंडळी अजूनही भेटतात. महाराष्ट्रात आज या रोगाचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर आहे. जगाचा विचार केला तर चित्र अधिकच गंभीर दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार लोक त्याला बळी पडले. त्यांतील सुमारे ९५ टक्के मृत्यू संघटनेच्या आफ्रिका विभागात झाले आणि तेथील प्रत्येक चार मृतांपैकी जवळजवळ तीन पाच वर्षांखालील बालके होती.

या आकड्यांत एक कोडे दडलेले आहे. आफ्रिकेतील ज्या खेड्यांत बालके हिवतापाने दगावतात, त्याच खेड्यांतील प्रौढ माणसे बहुधा सुखरूप राहतात. डास त्यांनाही तेवढेच चावतात. त्यांच्या रक्तात रोगाचे परजीवी अनेकदा सापडतातही. परंतु ती माणसे शेतावर जातात, बाजार करतात, संसार चालवितात. याउलट हिवताप नसलेल्या प्रदेशातून आलेला धडधाकट प्रौढ मनुष्य तेथे आला, तर पहिल्याच तापात त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणजे हे संरक्षण केवळ वयाने येत नाही. ते वारंवार आजारी पडून, त्यातून तगून मिळविलेले असते. या संरक्षणाचे मोठे श्रेय रक्तातील प्रतिपिंडांकडे जाते. ती काय करतात, विज्ञानाने ती कशी ओळखली आणि आज ती दुसऱ्याच्या कामी कशी येऊ लागली आहेत, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

परजीवीचा प्रवास

१८८० साली अल्जीरियात काम करणाऱ्या आल्फोन्स लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी प्रथम पाहिले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हे परजीवी वाढताना आढळले. रोगाचा संबंध डासाशी जोडला गेला तो आपल्याच देशाच्या भूमीवर. या कार्यासाठी रॉस यांना १९०२ साली आणि लाव्हरां यांना १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा परजीवी ‘प्लाझ्मोडियम’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या काही जाती माणसाला बाधतात. त्यांत फॅल्सिपेरम ही सर्वांत घातक आणि व्हायव्हॅक्स ही भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणारी जात होय. ॲनॉफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर परजीवीची सुईसारखी बारीक रूपे आपल्या त्वचेत उतरतात. त्यांना स्पोरोझॉइट म्हणतात. त्यांची संख्या अगदी थोडी, बहुधा काही दशकांच्या घरात असते. त्वचेतून वाट काढत ती रक्तवाहिनीत शिरतात आणि रक्ताबरोबर यकृतात पोहोचतात. तेथील पेशीत शिरलेल्या एकेका स्पोरोझॉइटपासून सुमारे आठवडाभरात हजारो नवे परजीवी तयार होतात. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही.

यकृताची पेशी फुटली की ही नवी रूपे रक्तात येतात. त्यांना मेरोझॉइट म्हणतात. प्रत्येक मेरोझॉइट एका तांबड्या पेशीत शिरतो, तेथील हिमोग्लोबिनवर पोसतो आणि वाढतो. फॅल्सिपेरमच्या बाबतीत सुमारे ४८ तासांनी ती पेशी फुटून साधारण सोळा ते बत्तीस नवे मेरोझॉइट बाहेर पडतात व प्रत्येक जण नवी पेशी शोधू लागतो. थंडी-तापाची लाट उसळते ती याच वेळी. शिरणे, वाढणे, फोडणे आणि पुन्हा शिरणे या चक्रातून रक्तातील परजीवींची संख्या झपाट्याने वाढत जाते.

लपण्याची जागा आणि उघड्यावरचे क्षण

आता या परजीवीची युक्ती लक्षात येईल. आयुष्याचा बहुतेक काळ तो आपल्याच पेशीच्या आत दडून असतो. शरीरातील इतर पेशींत एखादा विषाणू शिरला, तर ती पेशी त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. ती खूण पाहून मारक पेशी तिचा नाश करतात. तांबड्या पेशीला केंद्रक नसते आणि अशी खूण मांडण्याची यंत्रणाही नसते. म्हणून तिच्या आत शिरलेला परजीवी मारक पेशींच्या नजरेतून सुटतो. प्रतिपिंडेही रक्तात फिरणारी प्रथिने असल्यामुळे धडधाकट पेशीच्या आत जाऊ शकत नाहीत.

परंतु दोन वेळा त्याला उघड्यावर यावेच लागते. पहिली वेळ म्हणजे डासाने टोचल्यापासून यकृताच्या पेशीत शिरेपर्यंतची. दुसरी म्हणजे एक तांबडी पेशी फोडून दुसरीत शिरेपर्यंतची. पहिल्या प्रवासाला काही मिनिटे ते काही तास लागतात. दुसरा प्रवास मात्र विलक्षण वेगाने उरकतो. मेरोझॉइटला पेशी सापडली, तर तो बहुधा मिनिटभराच्या आतच तिच्यात शिरतो. प्रतिपिंडांना आपले काम याच अल्प अवधीत करावे लागते.

गांबियातील प्रयोग

प्रतिपिंडांमुळे हिवतापाला खरोखर आळा बसतो, याचा निर्णायक पुरावा १९६१ साली पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या छोट्याशा देशातून आला. सिडनी कोहेन, इयन मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या संशोधकांनी तेथील प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन हा भाग वेगळा काढला. प्रतिपिंडे असतात ती याच भागात. हे द्रावण त्यांनी हिवतापाने आजारी असलेल्या बालकांना टोचले. पुढील काही दिवसांत बालकांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने कमी झाले आणि तापही उतरला. हिवताप कधी न झालेल्या ब्रिटिश प्रौढांच्या रक्तातील तोच भाग दिला असता असा परिणाम दिसला नाही.

या प्रयोगातील एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे होते. जे परजीवी आधीच पेशीत शिरलेले होते त्यांची वाढ थांबली नाही. घट दिसली ती त्यांची पुढची पिढी बाहेर पडल्यानंतर. म्हणजे प्रतिपिंडांचा घाव आतल्या परजीवीवर पडत नव्हता, तर बाहेर पडलेल्याची वाट अडविली जात होती. १९६९ साली कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना होणाऱ्या हिवतापाच्या परजीवीवर प्रयोगशाळेत काम करून हाच निष्कर्ष पक्का केला. नंतर १९७६ साली अमेरिकेत विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी फॅल्सिपेरम परजीवी प्रयोगशाळेतील मानवी रक्तात सतत वाढविण्याची पद्धत शोधली. त्यामुळे कोणते प्रतिपिंड परजीवीला किती रोखते हे बाटलीत मोजणे शक्य झाले.

पुढे १९९१ साली आफ्रिकेतील प्रौढांची प्रतिपिंडे थायलंडमधील रुग्णांना देण्यात आली आणि तेथेही परजीवी घटले. एका खंडातील माणसांनी सोसून मिळविलेले संरक्षण दुसऱ्या खंडातील माणसाच्या कामी आले, ही गोष्ट विज्ञानाच्या दृष्टीने जेवढी महत्त्वाची, तेवढीच माणूस म्हणूनही विचार करायला लावणारी आहे.

वाट नेमकी कशी अडते?

मेरोझॉइट तांबड्या पेशीला प्रथम कोठेही चिकटतो. मग तो वळतो आणि आपले निमुळते टोक पेशीकडे आणतो. या टोकापाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून काही प्रथिने बाहेर येतात. ती तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिनांना जाऊन जुळतात. हे जुळणे कुलपात किल्ली बसावी तसे असते. ते साधले की परजीवी पेशीचे आवरण आत ढकलत स्वतः आत सरकतो.

कुलूपच नसेल तर काय होते, याचे उदाहरण निसर्गातच आहे. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर ‘डफी’ नावाचे प्रथिन नसते. व्हायव्हॅक्स परजीवीला शिरण्यासाठी हेच प्रथिन लागते. म्हणून त्या भागात व्हायव्हॅक्स फारच क्वचित आढळतो. लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली हा संबंध दाखवून दिला.

फॅल्सिपेरमची किल्ली शोधणे अधिक अवघड ठरले, कारण त्याच्याजवळ एकापेक्षा अधिक किल्ल्या आहेत. एक अडविली तर तो दुसरी वापरतो. २०११ साली ब्रिटनमधील सँगर संस्थेतील संशोधकांनी यातील एक किल्ली अशी आहे की जिच्यावाचून फॅल्सिपेरमचे चालतच नाही, हे दाखवून दिले. तिचे नाव आरएच-५. रक्तगटातील आरएचशी तिचा संबंध नाही. ती तांबड्या पेशीवरील ‘बॅसिजिन’ या प्रथिनाला जुळते. हे जुळणे रोखले, तर प्रयोगशाळेत तपासलेल्या सर्व वाणांचा पेशीतील शिरकाव थांबला.

इंग्रजी वाय या अक्षराच्या आकाराचे प्रतिपिंड आपल्या दोन बाहूंच्या टोकांनी अशा किल्लीला घट्ट पकडते. किल्लीच झाकली गेल्यावर कुलूप उघडत नाही. मेरोझॉइट पेशीबाहेर ताटकळतो, काही मिनिटांत त्याची शिरण्याची क्षमता संपते आणि तो नष्ट होतो.

ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी आरएच-५ ची लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तातून अशी मानवी प्रतिपिंडे एकेक करून वेगळी काढली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट आढळली. काही प्रतिपिंडे एकटी असताना परजीवीला मुळीच रोखत नव्हती. मात्र ती शिरकावाची गती मंद करीत होती. त्यामुळे रोखणाऱ्या प्रतिपिंडांना परजीवीला पकडण्यासाठी अधिक वेळ मिळत होता आणि त्यांचे बळ वाढत होते. एकाने पाय अडकवावा आणि दुसऱ्याने धरावे, असे हे सहकार्य होय.

संरक्षण मिळण्यास एवढा उशीर का?

गोवर एकदा झाला की बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. मग हिवतापाचे संरक्षण मिळण्यास एवढी वर्षे का लागावीत? याचे कारण परजीवीच्या बहुरूपीपणात आहे. फॅल्सिपेरम आपण शिरलेल्या तांबड्या पेशीवर एक चिकट प्रथिन मांडतो. त्याच्या साहाय्याने ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटते आणि प्लीहेत जाऊन गाळली जाण्यापासून वाचते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असे घडले तर रुग्ण बेशुद्ध होतो. या प्रथिनाचे सुमारे साठ नमुने त्या परजीवीच्या जनुकांत साठविलेले असतात. शरीराने एका नमुन्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, की परजीवी दुसरा नमुना पुढे करतो. शिवाय गावोगावच्या वाणांत हे नमुने वेगवेगळे असतात.

याच कारणामुळे काही लसी निष्फळ ठरल्या. मालीमध्ये एएमए-१ या प्रथिनावर आधारलेल्या लसीची चाचणी झाली. लसीत वापरलेल्या वाणाशी जुळणाऱ्या परजीवीविरुद्ध तिचा काही प्रभाव दिसला. इतर वाणांनी मात्र तिला सहज चकविले. बालकाला वर्षानुवर्षे आजारी पडून एकेक नमुना जणू पाठ करावा लागतो. जन्मानंतरचे काही महिने त्याला आईकडून मिळालेली प्रतिपिंडे आधार देतात. ती ओसरल्यापासून स्वतःची पुरेशी तयार होईपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. लहान वयातील मृत्यूंचे प्रमाण इतके मोठे का, याचे उत्तर येथे सापडते. म्हणूनच परजीवीला बदलता न येणारी जागा शोधणे आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आजारपणाआधीच बालकाला मिळवून देणे, हे संशोधनाचे ध्येय ठरले.

पहिल्याच वाटेवर पहारा

अशी एक जागा स्पोरोझॉइटच्या अंगावर सापडली. त्याचे शरीर सीएसपी नावाच्या प्रथिनाने दाट आच्छादलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी, दुर्बल केलेल्या स्पोरोझॉइटची लस घेतलेल्या एका स्वयंसेवकाच्या रक्तातून सीआयएस-४३ हे प्रतिपिंड वेगळे काढले. ते या प्रथिनाच्या अशा भागाला धरते, जो फॅल्सिपेरमच्या बहुतेक सर्व वाणांत सारखाच असतो. त्याच्या रचनेत किंचित बदल करून ते रक्तात अनेक महिने टिकेल असे करण्यात आले. मग प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींकडून ते मोठ्या प्रमाणावर तयार करून घेण्यात आले.

ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. पिसाळलेला कुत्रा चावून खोल जखम झाली, तर लसीबरोबरच जखमेभोवती तयार प्रतिपिंडे टोचली जातात. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकविते. त्याला काही आठवडे लागतात. तयार प्रतिपिंडांचे संरक्षण लगेच मिळते, पण ती हळूहळू ओसरतात.

मालीमधील कालिफाबुगू आणि तोरोदो या गावांतील ३३० प्रौढांवर या प्रतिपिंडाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शिरेतून एकदाच दिलेल्या मोठ्या मात्रेने सहा महिन्यांच्या हिवताप-हंगामात संसर्गापासून सुमारे ८८ टक्के संरक्षण दिले. त्यानंतरचे एल-९ हे प्रतिपिंड अधिक प्रभावी असल्याने त्वचेखाली टोचता येते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मालीतील सहा ते दहा वर्षांच्या २२५ मुलांचा समावेश होता. त्यांतील ज्यांना मोठी मात्रा मिळाली, त्यांना संसर्गापासून सुमारे ७० टक्के आणि प्रत्यक्ष आजारापासून सुमारे ७७ टक्के संरक्षण लाभले. दोन्ही चाचण्यांत सुरुवातीला औषध देऊन सहभागींच्या रक्तातील परजीवी काढून टाकले होते. कारण ही प्रतिपिंडे केवळ यकृताची वाट अडवितात, रक्तात पोहोचलेल्या परजीवीवर त्यांचा इलाज चालत नाही.

लसींचे योगदान आणि पुण्याचा वाटा

सीएसपी याच प्रथिनावर आधारलेल्या दोन लसी आज वापरात आहेत. आरटीएस-एस या पहिल्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. आर-२१ या दुसऱ्या लसीची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. आर-२१ ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. आफ्रिकेतील बालकांपर्यंत पोहोचणारी ही लस महाराष्ट्रात तयार होते, याचे समाधान आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. हंगामी हिवतापाच्या भागात, हंगामापूर्वी दिल्यास तिने पहिल्या वर्षात आजाराचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी घटविले.

या दोन्ही लसी पहिल्या वाटेवर पहारा देतात. परंतु एखादाच स्पोरोझॉइट निसटून यकृतात पोहोचला तरी पुढचे सारे चक्र सुरू होते. म्हणून दुसऱ्या वाटेवरही पहारा हवा. बुर्किना फासोतील नानोरो येथे पाच ते सतरा महिन्यांच्या बालकांवर आरएच-५ वर आधारलेल्या लसीची चाचणी झाली. २०२४ अखेर प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसरी मात्रा काही महिन्यांच्या अंतराने दिलेल्या गटात आजाराचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही वाटा एकाच वेळी अडविणारी लस हे आता संशोधकांचे पुढचे लक्ष्य आहे.

आपण काय ध्यानात ठेवावे?

वरील सर्व यश फॅल्सिपेरमविरुद्धचे आहे. आपल्याकडे व्हायव्हॅक्सही मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याची काही रूपे यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहतात आणि नवा डास न चावताही ताप उलटतो. या लसी किंवा प्रतिपिंडे त्यावर लागू पडत नाहीत. तयार प्रतिपिंडे महागही असतात. गरिबाच्या मुलापर्यंत ती परवडणाऱ्या किमतीत कशी पोहोचतील, हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

तोपर्यंत आपल्या हातातील साधने साधी आहेत आणि ती सामर्थ्यवान आहेत. थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आशा कार्यकर्तीकडे झटपट तपासणीचे किट असते. व्हायव्हॅक्स निघाल्यास डॉक्टरांनी दिलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण घ्याव्यात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नयेत, कारण यकृतात दडलेला परजीवी त्यांनीच नष्ट होतो. मात्र हे औषध गरोदर स्त्रियांना देत नाहीत आणि काहींना ते सोसत नाही, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. वसतिगृहातील मुलांनी मच्छरदाणी रोज खोचून झोपावे. पाण्याच्या टाक्या झाकलेल्या असाव्यात. सुटीत जंगलपट्ट्यातील गावी जाऊन आलेल्या विद्यार्थ्याला ताप आला, तर पालकांनी व शिक्षकांनी ‘साधा ताप असेल’ असे म्हणून वाट पाहू नये.

गांबियातील ज्या प्रौढांनी १९६१ साली आपले रक्त दिले, ते स्वतः बालपणी हिवतापातून तगलेले होते. त्यांची अनेक भावंडे तगली नव्हती. त्यांच्या रक्तातील संरक्षण एवढी किंमत मोजून आलेले होते. आज तेच संरक्षण लसीच्या किंवा तयार प्रतिपिंडाच्या रूपाने, आजारी न पडताच, बालकाला देता येऊ लागले आहे. बालकांनी जीव देऊन मोजलेली ही किंमत पुढच्या कोणत्याही पिढीला मोजावी लागू नये, हेच या संशोधनाचे प्रयोजन आहे. यकृतात शिरू पाहणाऱ्या एका परजीवीला अडविणारे एक प्रतिपिंड दिसायला फार लहान असते. पण ते वेळेवर तेथे असले, तर एक मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येते.